चक्कर : नाही

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१९ ऑक्टोबर २००४

मृणालिनीबाईंना विष्णू सोनटक्के यांचा नमस्कार.

हे पत्र पाहून दचकू नका. तुमच्या औषधाच्या अभ्यासाची महिन्याची वही पाकिटात घातली, तरी पाकिटात बरीच जागा उरली. टपालहशील तुमच्या कंपनीनं आधीच भरलेलं आहे. अर्धं पाकीट रिकामं पाठवणं जिवावर आलं, म्हणून हे दोन कागद.

मी कोण हे लक्षात नसेल तर सांगतो. सप्टेंबरात आमच्या मंडळाच्या गणपतीत तुम्ही चपलांच्या रॅकशेजारी टेबल मांडून म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर मोजत होता. रांगेतला तिसरा तो मी. रक्तदाबाची नवी गोळी आहे, निम्म्यांना खरी मिळेल, निम्म्यांना नुसती पिठाची, आणि कोणाला कोणती हे मलाही कळणार नाही, असं तुम्ही सांगितलंत. इथे मंडळात सगळेच 'काका, कसे आहात' म्हणतात आणि उत्तराच्या आत पुढे जातात. तुम्ही म्हणालात आणि थांबलात. मी त्याच वेळी हो म्हटलं. पुढचं तासभर तुम्ही जे वाचून दाखवलंत ते मी फारसं ऐकलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

नागपूरच्या वेधशाळेत एकतीस वर्षं नोंदी ठेवल्या. पारा, पाऊस, वारा. एक आकडा कधी मनानं लिहिला नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मग मुलगा केदार इकडे घेऊन आला. तो आणि सून वीणा सकाळी सातला गाड्या काढतात. नात नीना त्याआधीच शाळेच्या बसनं गेलेली असते. संध्याकाळी ती 'हाय आजोबा, हाउ वॉज युअर डे?' म्हणते आणि मी इंग्रजी जुळवेपर्यंत वरच्या मजल्यावर पोचते. माणसं गुणी आहेत, तक्रार नाही. पण सात ते पाच या घरात मी तोंड उघडतो ते जेवायला.

अपवाद मंगळवार. दहाला न्यू जर्सीहून तुमचा फोन. झोप लागली का, पाय सुजले का, चक्कर आली का, मन उदास आहे का. इतकं बारकाईनं मला बायकोनंही कधी विचारलं नाही. मंगळवारी मी इस्त्रीचा सदरा घालून फोनजवळ बसतो. हसू नका.

वहीत सगळीकडे 'नाही'वर खूण केली आहे. तब्येत ठणठणीत.

विष्णू सोनटक्के


आयसेलिन, न्यू जर्सी
४ नोव्हेंबर २००४

विष्णुकाका, नमस्कार.

आधी ते 'बाई' आणि 'तुम्ही' काढून टाका. मी चौतीस वर्षांची आहे, आणि ऑफिसात मला सगळे 'मिनी' म्हणतात. तुमच्या पाकिटावर माझं आख्खं नाव पाहून मलाच बरं वाटलं.

खरं म्हणजे अभ्यासातल्या माणसांशी ठरलेल्या प्रश्नांपलीकडे मी बोलायचं नाही, असा नियम आहे. पण आलेल्या पत्राला उत्तर न देणं हा आमच्या पुण्याच्या घरी उद्धटपणा समजत. तेव्हा वही फाइलला लावली आणि पत्र घरी आणलं. घर म्हणजे ओक ट्री रोडवर साडीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर लग्नाची खरेदी चालते. मीही लग्न करूनच इकडे आले होते. लग्न दोन वर्षांत संपलं, नोकरी राहिली. आई फोनवर विचारते, तेव्हा 'मजेत आहे' म्हणते. तिनं तिथे काळजी करून काय होणार?

मंगळवारची यादी मी बारा जणांना वाचते. बाकीचे अकरा 'येस, नो, येस, नो' करून मोकळे होतात. तुम्ही मात्र 'मन उदास आहे का' यावर चांगला अर्धा मिनिट विचार करता आणि मग 'नाही' म्हणता. मला तो अर्धा मिनिट आवडतो.

आम्हाला साठ माणसं हवीत, एक्केचाळीस झाली आहेत. तुमच्यासारखी शिस्तीची माणसं मिळाली तर माझा अभ्यास तरेल. ओळखीत कोणी असेल तर सांगाल?

मृणालिनी


ईडन प्रेरी
११ जानेवारी २००५

मृणालिनी,

बाई काढली. आता तू 'पत्र छोटं होतं' अशी तक्रार करू नकोस म्हणून आज चार कागद.

बाहेर उणे बावीस आहे. इतका खाली गेलेला पारा मी नोकरीत पाहिला नाही, त्यामुळे रोज सकाळी बघायला मजा येते. फिरायला आम्ही म्हातारे मॉलमध्ये जातो. दुकानं उघडायच्या आधी तीन फेऱ्या. तिथे तुझ्यासाठी मासे गळाला लावले आहेत. श्रीरामराव मुंबईचे, इन्शुरन्समधून रिटायर. लतिकाताई मुलीकडे राहतात, मोठ्या कडक. आणखी तिघं. पाचही जण तुझ्या कंपनीच्या इथल्या माणसांकडे नाव घालून आले, हे तुला कळलंच असेल. लतिकाताई का-कू करत होत्या. मी म्हटलं, 'पोरगी एकटी राहते, नोकरी सांभाळते, आपल्याला काका-काकू म्हणते. आपलं काय जातंय?' मग आल्या. सगळ्यांना वही कशी भरायची तेही मीच शिकवलं.

आमची ही, म्हणजे नीलांबरी, असती तर तिनं मला वेड्यात काढलं असतं. तिला सांगतो मी सगळं. दुपारी चहा दोन कप टाकतो, समोर ठेवतो आणि आजचं कमाल-किमान तापमान वाचून दाखवतो. नागपुरात रोज तेच करायचो. ती म्हणायची, 'मला काय करायचंय?' आता म्हणत नाही. हे केदारला ठाऊक नाही, तुलाच सांगतो आहे.

मॉलची फरशी हल्ली मी बाकावरून उठलो की जराशी हलते. इमारत नवी आहे, बसेल हळूहळू.

विष्णुकाका


आयसेलिन
१ फेब्रुवारी २००५

विष्णुकाका,

तुमचे आभार कसे मानू? काल आमची मोठी मीटिंग झाली. सगळ्या केंद्रांचे आकडे पडद्यावर लावले होते. बाकी ठिकाणी शंभरात अकरा जणांना चक्कर, आणि तुमच्या मिनेसोटाच्या मराठी गटात शून्य. डायरेक्टर म्हणाले, 'मिनीज ग्रुप इज गोल्ड.' भारतीय वृद्धांना ही गोळी खास मानवते असं अहवालात वेगळं लिहायचं चाललं आहे. मला बढती मिळेल असं वाटतं. येताना मी एक छोटा केक घेतला आणि घरी आल्यावर लक्षात आलं की तो कापायला मी एकटीच आहे. तुमच्या वाटणीचा तुकडा मी खाल्ला.

चहाचं तुम्ही मलाच सांगितलंत. थँक यू म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही, तरी म्हणते.

आणि काका, ते फरशीचं तुम्ही गमतीनं लिहिलंत ना? फोनवर तर 'नाही' म्हणालात.

मृणालिनी


ईडन प्रेरी
१५ फेब्रुवारी २००५

मृणालिनी,

अभिनंदन! मॉलच्या बाकावर मी जाहीर केलं. श्रीरामरावांनी सगळ्यांना कॉफी पाजली.

तू सरळ विचारलंस, तर सरळ सांगतो. फॉर्म कंपनीसाठी असतो, पत्र तुझ्यासाठी. उठताना भोवंडतं. भिंतीला हात लावून पाचपर्यंत आकडे मोजले की थांबतं. मागच्या आठवड्यात बेसमेंटच्या जिन्यावर मोजायला भिंत सापडली नाही आणि चार पायऱ्या बसत उतरलो. कोपराला खरचटलं. केदार म्हणाला, 'बाबा, आइसवर स्लिप झालात ना? यू शुड हॅव कॉल्ड मी!' मी म्हटलं, हो, आइस.

घाबरू नकोस. मी एकटाच नाही. लतिकाताईंना सकाळी होतं, श्रीरामरावांना जेवल्यावर. डिसेंबरातच आमचं बोलणं झालं. श्रीरामराव म्हणाले, 'यार, पोरीचं प्रोजेक्ट आहे. एवढ्या-तेवढ्याला कंप्लेंट लिहून तिला कशाला गोत्यात आणायचं?' सगळ्यांना पटलं. कोणाच्या घरी जेवायला गेलो आणि आमटीत मीठ जास्त झालं, तर आपण काय पानावर बोलतो का? तुझा अभ्यास तरला पाहिजे. आणि खरं कारण सांगू? दुखणं लिहिलं की माणसाला अभ्यासातून काढतात, असं तूच वाचून दाखवलं होतंस. तेवढं मी ऐकलं होतं. काढलं तर मंगळवारी मला कोण विचारणार?

केदारला कळू देऊ नकोस.

विष्णुकाका


आयसेलिन
२१ मार्च २००५

विष्णुकाका,

तुमचं पत्र मला एकोणीस फेब्रुवारीला मिळालं. आज एकवीस मार्च. महिनाभर ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्या महिन्यात चार मंगळवार आले. चारही वेळा मी तुम्हाला विचारलं, 'चक्कर?' तुम्ही म्हणालात, 'नाही.' मी लिहिलं, नाही. खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तरीही आपण दोघं हवापाण्याचं बोललो. तुम्ही मायेपोटी लपवलंत. मी कशापोटी, ते मला लिहिताना लाज वाटते. बढतीचं पत्र एक मार्चला येणार होतं, आलंही. पण नुसतं तेवढंच नाही. तुम्ही अभ्यासातून गेलात की पाकिटंही बंद. या देशात मला हातानं लिहिलेलं पत्र दुसरं कोणी पाठवत नाही.

काका, एक विचारते. नागपूरला मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला, आणि मोठ्या साहेबांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही पंचेचाळीस लिहिलंत, असं कधी झालं असतं का? तुमच्या आकड्यावर कोणी शेतात जायचं की नाही ते ठरवत असेल. तुमच्या 'नाही'वर आता असं ठरतंय की ही गोळी आपल्या म्हाताऱ्यांना बिनधास्त द्या. उद्या ती आयसेलिनमध्ये विकतील, पुण्यात विकतील, माझ्या आईला देतील.

गोळी आजपासून घेऊ नका, आणि आजच डॉक्टरला फोन करा. केदारला सांगा. बाकीच्या पाचांना सांगा. मी उद्या सकाळी ऑफिसात सगळं सांगणार आहे, माझ्या महिन्यासकट. हे फोनवर सांगायला हवं होतं हे मला कळतं. पण तो फोन रेकॉर्ड होतो, आणि हे तुम्ही आधी माझ्याकडून ऐकावं असं वाटलं.

मृणालिनी


ईडन प्रेरी
२५ मार्च २००५

मृणालिनी,

तुझं पत्र काल आलं. रविवारी, वीस तारखेला सकाळी लतिकाताई बाथरूममध्ये पडल्या. मुलगी-जावई किराणा आणायला गेले होते. दोन तास फरशीवर होत्या. कमरेचं हाड मोडलं, सोमवारी ऑपरेशन झालं. काल मी हॉस्पिटलात जाऊन आलो. त्या शुद्धीवर होत्या. मला पाहून म्हणाल्या, 'विष्णुभाऊ, वहीत काय लिहायचं?'

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो.

त्यांना अभ्यासात मी आणलं. वही कशी भरायची ते मी शिकवलं. त्या नको म्हणत होत्या, आणि मी तुझं एकटेपण पुढे करून त्यांना गप्प केलं. तुझ्या महिन्याचा हिशेब तू माझ्याकडे मागू नकोस, माझाच मला पुरे झाला आहे. एकतीस वर्षं मी ज्या माणसाला नोकरीवरून काढलं असतं, तोच माणूस मी झालो.

काल रात्री जेवताना केदार-वीणाला सगळं सांगितलं. केदार ओरडला नाही, त्यानंच वाईट वाटलं. म्हणाला, 'बाबा, तुम्ही मला का नाही सांगितलं?' मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. वीणा उठून आत गेली. मी असं बोलायला नको होतं. खरं आहे, पण तरीही.

ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या नोंदी आठवून नव्यानं लिहिल्या आहेत. जी तारीख नक्की आठवत नाही, तिथे 'आठवत नाही' असंच लिहिलं आहे. श्रीरामराव आणि बाकीचेही लिहून देत आहेत. यात माझं पत्र एवढंच आहे, उरलेले कागद कंपनीसाठी.

विष्णू सोनटक्के


आयसेलिन
२२ एप्रिल २००५

विष्णुकाका,

हे पाकीट मी स्वतःचं तिकीट लावून पाठवते आहे. तुम्ही आता अभ्यासात नाही, आणि मीही नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही असं कंपनीच्या वकिलानं सांगितलं.

बावीस मार्चला मी सांगितलं. त्यानंतर चौकशी समितीसमोर तीन वेळा बसले. मिनेसोटाचं काम थांबवलं आहे. 'भारतीय वृद्धांना खास मानवते' हे वाक्य अहवालातून काढलं. आता सगळ्या केंद्रांत उभं करून आणि बसवून, असा दोन्ही वेळा रक्तदाब घेणार आहेत, म्हणजे नुसत्या 'नाही'वर कोणी विसंबणार नाही. लतिकाकाकूंची गोळी खरी होती. त्या गोळीमुळेच पडल्या का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वहीत 'चक्कर' असती, तर जानेवारीतच त्यांची गोळी बंद झाली असती. त्यांना फोन करायची मला मनाई आहे. माझ्या वतीनं त्यांना काही सांगू नका, ते माझं मलाच कधीतरी सांगावं लागेल.

मला रुग्णांपासून दूर, जुन्या फाइली तपासायला बसवलं आहे. चूक काही नाही त्यांची. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही.

पुरावा म्हणून तुमची सगळी पत्रं मी समितीला दिली. त्यांनी बाहेरच्या माणसाकडून ती इंग्रजीत करून घेतली. त्यामुळेच तुम्हा सहाही जणांचं खरं म्हणणं नोंदलं गेलं. उशिरा का होईना, हे एक तरी मी नियमानं केलं असं वाटतं. तुम्ही बरे आहात ना? या वेळी खरं सांगा.

मृणालिनी


ईडन प्रेरी
६ मे २००५

मृणालिनी,

बरा आहे. गोळी बंद झाल्यापासून भोवंडणं गेलं. लतिकाताई वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. श्रीरामराव आणि मी आळीपाळीनं जाऊन बसतो. हे खरं आहे, शंका घेऊ नकोस.

मंगळवारी समितीच्या एका माणसाचा फोन आला होता. बोलायला सभ्य होता. त्याच्यासमोर माझ्या पत्रांतून काढलेली लक्षणांची यादी होती, प्रत्येक ओळ बरोबर आहे का ते विचारत होता. भोवंडणं, बरोबर. जिन्यावर पडणं, बरोबर. मग म्हणाला, 'नंबर सेव्हन. पेशंट टॉक्स टु डिसीज्ड वाइफ, सर्व्ज हर टी. हे गोळी सुरू व्हायच्या आधीपासून आहे की नंतर?'

केदार स्पीकरवर ऐकत होता. वीणाही होती. मी म्हटलं, आधीपासून. त्यानं 'थँक यू सर' म्हणून टिकमार्क केली असावी. आता संध्याकाळी वीणा माझ्यासाठी चहा करते आणि मी तो पिईपर्यंत समोर बसते. पोरीचं मन चांगलं आहे. पण दुपारचे दोन कप मी बंद केले. घरात सगळ्यांना माहीत असताना ते जमत नाही.

तू सांगितलंस ते योग्यच केलंस. न सांगतीस तर मी तुला माफ केलं नसतं, स्वतःलाही नाही. त्या पत्रांतली माझी चक्कर त्यांची होती, ती त्यांनी घेतली. माझं भांडण त्याबद्दल नाही.

परवा ते तासभराचे कागद मी कपाटातून काढले आणि पहिल्यांदा नीट वाचले. माझं रक्त काढायचं, तर तू चार पानांवर माझ्या सह्या घेतल्यास. बाटलीत उरलेलं रक्त पुढे दुसऱ्या कामाला वापरू का, यालासुद्धा एक वेगळा चौकोन होता, आणि तिथे 'नाही' म्हणायची मुभा होती. एवढं सगळं चमचाभर रक्तासाठी. पत्रांच्या वेळी तुझ्याकडे माझा फोन नंबर होता. चार पत्रांतलं एक पान बाजूला ठेवता आलं असतं. न ठेवता आलं, तर निदान सांगता आलं असतं.

तुझ्यावर राग आहे म्हणून हे लिहीत नाही. म्हणजे राग आहे, पण तो राग धरायला मला इथे दुसरं माणूस नाही, म्हणून तुलाच लिहितो आहे. उत्तर दे. न देशील तर मी पुन्हा लिहीन.

आणि हे पत्रही उद्या कोणाला दाखवायची वेळ आली, तर आधी मला विचार. मी हो म्हणेनच. पण विचार.

विष्णुकाका